फुटबॉलमध्ये कीपरने बॉल कुठपर्यंत हातात ठेवायचा?

बॉक्सची, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी एरियाची, रेषा बॉक्सचाच भाग असते. त्यामुळे बॉल रेषेवर टेकलेला असो वा हवेत तिच्यावर जरासा आलेला, तो आतच. कीपरने खुशाल धरावा. पूर्ण पलीकडे गेला की कीपर आणि बाकीचे दहा सारखेच. पाय कुठे आहेत, याचा इथे संबंध नाही. बाहेर उभं राहून आतला बॉल उचलता येतो. आत उभं राहून हात लांबवून बाहेरचा धरला, तर हँडबॉल. बेळगावच्या लेले मैदानावर कडेने कितीही ‘पाय बाहेर!’ ओरडा झाला तरी रेफ्रीने बॉलच बघायचा.

सगळ्यात जास्त घोळ हातातून किक मारताना होतो. धावत येताना हात पुढे असतात, म्हणजे बॉल पायांच्या दीड-दोन फूट आधी रेषा ओलांडतो. बॉल आत असतानाच हातातून सुटला पाहिजे. त्यानंतर पाय बाहेर पडला आणि किक बाहेरून बसली तरी चालते. सवय लावायची ती अशी: रेषेच्या दोन पावलं आधीच बॉल सोडायचा.

पावसाळ्यात खानापूरकडच्या तांबड्या चिखलात दुसरी भानगड. बॉल आत पकडला, पण अंग घसरत बॉलसकट बाहेर गेलं, तरी फाउलच. म्हणून रेषेजवळ सूर समोर मारू नका, रेषेला समांतर मारा.

शिक्षा डायरेक्ट फ्री किकची (जिच्यावर थेट गोल मारता येतो), गुन्हा घडला त्याच जागेवरून, पेनल्टी नाही. नुसत्या हँडबॉलला कार्ड लागत नाही. चांगली चढाई मोडली तर पिवळं, हमखास गोल अडवला तर लाल. आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने दिलेला पास आत हातात घेतला, तर मात्र इनडायरेक्ट, म्हणजे थेट गोल धरत नाहीत ती.

निम्मी भांडणं फक्कीने चुकीच्या आखलेल्या रेषांमुळे होतात. गोलच्या खांबाच्या आतल्या कडेपासून 16.5 मीटर बाजूला, गोल लाइनच्या बाहेरच्या कडेपासून तेवढंच मैदानात मोजा. ही मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतची आहेत, म्हणून मापावर ताणलेल्या दोरीच्या आतल्या अंगाला फक्की पाडायची, जाडी 12 सेंटिमीटरच्या आत. रुंदी 40.32 मीटर भरते. कोपरे काटकोनात आलेत का, ते कर्णांवरून कळतं: दोन्ही 43.57 मीटर हवेत. पाऊस झाला की हाफ टाइमला पुन्हा फक्की मारून घ्या.