ड्रॅग शर्यतीत धावलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा इतिहास कसा शोधावा

एखादी जुनी स्पोर्ट्स कार हाती येते तेव्हा तिच्या मागच्या चाकांवरच्या कमानी कापून मोठ्या केलेल्या असतात, पुढचा बंपर गायब असतो, डॅशबोर्डला कुठल्याशा मोठ्या मीटरसाठी पाडलेली भोके असतात आणि मूळ इंजिनाच्या जागी दुसरेच इंजिन बसलेले असते. हे सगळे ‘बिघडलेले’ सुधारून गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी, असा विचार बहुतेकांच्या मनात लगेच येतो. मला तो घाईचा वाटतो. १९५० ते १९७० या काळात ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत थोडे अंतर पळण्याच्या शर्यतीसाठी, बदललेल्या गाडीच्या अंगावरचे काप, वेल्डिंगचे सांधे आणि रंगाचे थर हाच तिचा खरा इतिहास असतो, आणि तो वाचून होण्याआधी गाडीच्या अंगाची एकही पट्टी बदलली तर तेवढे पान कायमचे जाते. तो कोणत्या क्रमाने वाचावा, हे पुढे सांगितले आहे.

पहिले काम छायाचित्रांचे. गाडी न धुता, न पुसता, खालून, आतून, बोनेट व डिकी उघडून, प्रत्येक भोक आणि प्रत्येक सांधा शेजारी मोजपट्टी धरून टिपावा. धुळीखाली पुसट अक्षरे असतात आणि पहिल्याच धुण्यात ती जाऊ शकतात.

काळाचा आराखडा आधी मनात हवा

गाडीवरची खूण कोणत्या वर्षाची असू शकते हे ठरवण्यासाठी या खेळाच्या काही तारखा पाठ असाव्या लागतात. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० मध्ये नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, स्थापन केली आणि या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली. अंतर पाव मैलाचे, म्हणजे १,३२० फुटांचे, सुमारे ४०२ मीटर. १९५७ पासून १९६३ पर्यंत एनएचआरएने आपल्या स्पर्धांत नायट्रोमिथेनसारख्या जास्त शक्ती देणाऱ्या इंधनांवर बंदी घातली होती, त्यामुळे पेट्रोलवर धावणाऱ्या वर्गांना, आणि त्यांच्याबरोबर स्पोर्ट्स कारच्या वर्गांनाही, या वर्षांत मोठे महत्त्व आले. १९६३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत झेंडा दाखवणाऱ्या माणसाची जागा रंगीत दिव्यांच्या खांबाने घेतली. त्या खांबाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. त्याचा उपयोग असा, की विक्रेत्याने १९५९ सालचे म्हणून दाखवलेल्या छायाचित्रात तो खांब दिसत असेल, तर ते छायाचित्र त्या वर्षीचे नाही.

ब्रिटनमधील गाडी असेल तर तारखा वेगळ्या लागतात. तिथे या खेळाची पायाभरणी सिडनी ॲलार्ड यांनी केली. १९५२ ची माँटे कार्लो रॅली स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकलेल्या या गृहस्थांनी १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रॅगस्टर, म्हणजे खास ड्रॅग शर्यतीसाठीची गाडी, बांधला. १९६४ मध्ये अमेरिकी चालक तिथे प्रात्यक्षिक शर्यतींसाठी आले आणि १९६६ मध्ये पॉडिंग्टनच्या जुन्या लष्करी विमानतळावर सांता पॉडची धावपट्टी सुरू झाली. त्यामुळे एखाद्या जग्वार ई-टाइपबद्दल ‘१९६२ पासून सांता पॉडवर धावत होती’ असे कोणी सांगितले, तर त्या कथेचे निदान अर्धे तरी चुकीचे आहे, हे कागद न उघडताही कळते.

गाडीचा स्वभाव आणि तिच्यावर झालेले बदल

वळणावळणाच्या रस्त्यासाठी बांधलेली गाडी सरळ रेषेत पळवायची, हाच या प्रकारातला मूळ पेच होता. शेव्हरले कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली ती सहा सिलिंडरच्या इंजिनासह, आणि तिचे अंग फायबरग्लासचे असल्यामुळे ती कापायला सोपी होती. १९५५ मध्ये तिला व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन मिळाले आणि १९५७ मध्ये २८३ घनइंचांचे, फ्युएल इंजेक्शनसह २८३ अश्वशक्तीचे इंजिन मिळाल्यावर ती ड्रॅग शर्यतीत सर्रास दिसू लागली. अमेरिकी कार-निर्माते कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी एस या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ बसवून कोब्रा तयार केली. पहिल्या ७५ गाड्यांत २६० घनइंचांचे इंजिन होते, नंतर २८९ चे आले, आणि ड्रॅग शर्यतीसाठी शेल्बीच्या कारखान्यातूनच सज्ज होऊन निघालेल्या कोब्रांना ‘ड्रॅगनस्नेक’ म्हणत. ज्यांना हे परवडत नसे ते इंजिन गेलेली ऑस्टिन-हीली किंवा ट्रायम्फ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन तिच्यात अमेरिकी व्ही-८ बसवत. १९६४ ची सनबीम टायगर तर असे इंजिन घेऊनच कारखान्यातून बाहेर पडली.

या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, कमी असतो. टायगरचा ८६ इंच, कोब्राचा ९० इंच, १९६२ पर्यंतच्या कॉर्व्हेटचा १०२ इंच आणि १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटचा ९८ इंच. गाडी झेप घेते तेव्हा मागच्या चाकांवर येणारा जादा भार वेगवाढ आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणात वाढतो आणि व्हीलबेसच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून आखूड गाडी पकड चांगली घेते, पण पुढची चाके हलकी झाली की तितक्याच सहज भरकटते. जुन्या गाडीवरचे बहुतेक बदल या एका गोष्टीकडे बोट दाखवतात. पकड मिळवायची आणि सरळ राहायचे.

नंबर वाचताना

चासी नंबरपासून सुरुवात करावी. कोब्राच्या बाबतीत हे अनिवार्य आहे, कारण तिच्या प्रतिकृती मूळ गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाईल क्लबने ‘सीएसएक्स’ने सुरू होणाऱ्या नंबरांची नोंदवही वर्षानुवर्षे जपली आहे आणि तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. कॉर्व्हेटमध्ये १९६० पासून गाडीच्या नंबराचे अंक इंजिन ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या सपाट पट्टीवर ठोकलेले असतात. याशिवाय ब्लॉकच्या ओतिवावरच तारीख असते. पहिले अक्षर महिन्याचे (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अंतिम अंक. ‘सी १४ १’ म्हणजे १४ मार्च १९६१. ओतिवाची तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेच्या थोडी आधीची असायला हवी. ती नंतरची असेल तर ब्लॉक त्या गाडीचा नाही.

इथे एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रस्त्यावरच्या गाडीत मूळ इंजिन असणे ही जमेची बाजू. ड्रॅग शर्यतीत मात्र इंजिने फुटत, बदलली जात, एका गाडीतून दुसरीत जात. अनेक वर्षे शर्यत केल्याचा दावा आहे आणि तरीही मूळ इंजिन नंबरासकट शाबूत आहे, असे दिसले तर मी इंजिनावरच्या त्या नंबराच्या पट्टीकडे भिंगातून पाहीन. कारखान्यातल्या यंत्राचे बारीक समांतर ओरखडे पुढून मागे जाताना दिसले पाहिजेत. पट्टी गुळगुळीत असेल किंवा ओरखडे गोलाकार असतील, तर ती घासून तिच्यावर नवे अंक ठोकल्याची शंका घ्यावी. उलटपक्षी, इंजिन वेगळे असणे हा ड्रॅग कारच्या बाबतीत दोष मानू नये.

काप, सांधे आणि रंग

मागच्या कमानी कशा कापल्या आहेत ते पाहावे. गुळगुळीत रबराचे रुंद टायर, ज्यांना स्लिक म्हणतात, ते १९६० च्या दशकात सतत रुंद होत गेले, त्यामुळे एकाच कमानीवर दोनदा काप दिसला तर गाडी दीर्घकाळ धावली असल्याचा तो चांगला पुरावा असतो. कॉर्व्हेटच्या अंगाच्या फायबरग्लासच्या पट्ट्या आतल्या बाजूने हाताने चाचपाव्यात. कारखान्याच्या पट्ट्या साच्यात दाबून केलेल्या असल्यामुळे दोन्हीकडून गुळगुळीत लागतात, तर वजन कमी करण्यासाठी नंतर बसवलेल्या, हाताने थर देऊन केलेल्या पट्ट्यांची आतली बाजू खरखरीत असते आणि तिथे काचतंतूंची वीण दिसते.

मग गाडी उचलून मागचा ॲक्सल तपासावा. १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटची आणि कोब्राची मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, आणि जोरदार सुटताना ती थरथरून उसळतात. म्हणून काहींनी त्यांच्या जागी अखंड ॲक्सल बसवला. फोर्डचा नऊ इंची ॲक्सल १९५७ मध्ये आला, तेव्हा १९५६ च्या शर्यतीचा दावा असलेल्या गाडीत तो सापडला तर तो नंतरचा बदल समजावा. ॲक्सल फिरू नये म्हणून चासीला जोडलेले दांडे कुणी काढून टाकले असले, तरी त्यांचे वेल्डिंगचे डाग किंवा बुजवलेली भोके चासीवर राहतातच.

बॅटरी कुठे होती हेही पाहण्यासारखे असते. अखंड ॲक्सलच्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा, पीळ मागचे उजवे चाक उचलू पाहतो, म्हणून जाणकार बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात ठेवत. तिथे जुन्या पत्र्यावर ॲसिडने खाल्लेली चौकट सापडली तर गाडी बांधणाऱ्याला आपले काम कळत होते, असे खात्रीने म्हणता येते. बोनेटमध्ये मोठा चौकोनी काप असेल आणि इंजिनच्या वर बसणाऱ्या सुपरचार्जरच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राच्या) खुणा असतील, तर तो बहुधा जीएमसी या ट्रक कंपनीच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा ६-७१ ब्लोअर असावा. हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे गाड्या बदलून वेगवान करणाऱ्यांनी, तो ट्रक आणि बसच्या इंजिनांवरून उचलला होता. इंजिन आणि चालक यांच्यामधली पोलादी भिंत कापून इंजिन मागे सरकवलेले असेल तर ती गाडी कारखाना-स्थितीच्या जवळ राहणाऱ्या वर्गात धावू शकली नसती. तिची नोंद बदललेल्या गाड्यांच्या वर्गात शोधावी.

रंगाचे थर हा मला सर्वांत प्रिय भाग आहे. दाराच्या मध्यावर बोटाएवढी जागा घेऊन, पाणी लावून, अगदी बारीक कागदाने हळूहळू घासावे. जमिनीचे थर दिसावेत तशी एकेक रंगाची कडी उमटते. तिरपा प्रकाश टाकला की हाताने रंगवलेल्या जुन्या नावाची किनार वरच्या रंगातूनही उठून दिसते, कारण पाटी रंगवणाऱ्याचा रंग जाड असतो. असे एक नाव वाचता आले तर कागदपत्रांचा शोध महिन्यांऐवजी आठवड्यांत संपू शकतो.

दाव्याची आकड्यांनी परीक्षा

टाइम स्लिप, म्हणजे धावपट्टीवर मिळणारी वेळेची चिठ्ठी, सापडली तर तिच्यावर दोन आकडे असतात: पाव मैलाला लागलेले सेकंद आणि शेवटचा वेग. वेग शक्ती सांगतो, सेकंद पकड सांगतात. चालकासह वजन पौंडांत घेऊन ताशी मैलांतल्या वेगाला २३४ ने भागावे, उत्तराचा घन करावा आणि त्याला वजनाने गुणावे, की अंदाजे अश्वशक्ती मिळते. समजा २,६०० पौंडांच्या गाडीने ताशी ११२ मैल गाठले, तर उत्तर सुमारे २८५ अश्वशक्ती येते. अश्वशक्ती आणि वजन यांवरून अपेक्षित वेळ काढण्यासाठी वजनाला शक्तीने भागून त्याचे घनमूळ काढावे आणि ५.८२५ ने गुणावे. या गाडीला सुमारे १२.२ सेकंद यायला हवेत. चिठ्ठीवर १२ असेल तर गाडी उत्तम सुटली. १३.४ असेल तर चाके घसरली. दोन्ही विश्वसनीय आहेत. त्याच वेगाला १०.९ सेकंदांचा दावा मात्र मी मान्य करणार नाही.

दुसरी परीक्षा ॲक्सलची. वेग, ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे होणारे फेरे) आणि ३३६ यांचा गुणाकार करून टायरच्या इंचांतील व्यासाने भागले की वरच्या सरळ गिअरमधले इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. ११२ मैल, ४.५६ गुणोत्तर आणि २८ इंची टायर यांना सुमारे ६,१३० फेरे येतात, म्हणजे शर्यतीच्या इंजिनाला शोभणारे. गाडीखाली आज ३.७० चा ॲक्सल असेल तर फेरे जेमतेम ४,९७० भरतात. तेव्हा तो ॲक्सल नंतर रस्त्यासाठी बसवला गेला असे समजून जुन्याचा शोध घ्यावा.

कागद आणि माणसे

यानंतरच वृत्तपत्रे, एनएचआरएचे १९६० पासून निघू लागलेले ‘नॅशनल ड्रॅगस्टर’ हे नियतकालिक, जुनी निकालपत्रे आणि घरगुती अल्बम चाळावेत. चालकाच्या नावापेक्षा वर्गाची अक्षरे आणि नंबर शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण प्रसिद्ध नावाचा मोह कथा वाढवतो. ब्रूस लार्सन यांनी तरुणपणी ड्रॅगनस्नेक कोब्रा चालवली आणि पुढे १९८९ मध्ये एनएचआरएचे ‘फनी कार’ या वर्गातले विजेतेपद मिळवले. बिग जॉन मॅझमॅनियन सुपरचार्जर लावलेल्या १९६१ च्या कॉर्व्हेटवरून १९४१ च्या विलिस गाडीकडे वळले. अशा नावांशी जोडली गेलेली प्रत्येक गाडी अधिक काटेकोरपणे तपासावी लागते. जुन्या मालकाशी बोलताना त्याला आधी काहीही सुचवू नये. गाडीचे छायाचित्र दाखवण्याआधी तिचा रंग, टायर, डॅशबोर्डवर काय होते ते विचारावे आणि ते उत्तर घासलेल्या थरांशी जुळते का पाहावे.

जतन

मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांवर न तपासता गाडी चालवू नये. त्यांतल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. क्लचची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, कारण तीत ॲस्बेस्टॉस असू शकते. जुने फ्लायव्हील आणि त्याभोवतीचे ओतीव कवच वापरात ठेवण्याऐवजी कपाटात ठेवावे आणि चालवण्यासाठी पोलादी कवच बसवावे. रंग नव्याने देणे अटळच असेल, तर बोनेटच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा सर्व जुन्या थरांसह उघडी सोडावी, तिच्या शेजारी तारीख लिहावी, आणि ज्या भोकांचे कारण सापडले नाही ती बुजवू नयेत.