या चुका टाळा : दोघांनीच गाडी काढून महाबळेश्वरला जाताना

घरात कुणाचं लग्न झालं किंवा ओळखीत कुणी पहिली गाडी घेतली की दोन-तीन महिन्यांत मला फोन येतोच. "शनिवार-रविवार महाबळेश्वरला चाललोय, काही सांगायचंय का?" सांगायचं पुष्कळ असतं, पण फोनवर ऐकायची कुणाची तयारी नसते. पुण्याहून त्या रस्त्याने मी एकवीस वर्षं गाडी नेते आहे. बहुतेक वेळा स्टीअरिंगवर मी आणि शेजारी नवरा. दरवेळी घाटात तेच दिसतं. बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, जळक्या क्लचचा वास, कठड्याला टेकून उलट्या काढणारी मुलगी आणि शेजारी घड्याळ बघत चिडलेला मुलगा. आरामासाठी निघालेली माणसं ही. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं

बाकीच्या चुकांनी सहल बिघडते. ही चूक जिवावर बेतते, म्हणून आधी हिच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोन गाड्यांनी गेलो होतो. पुढच्या गाडीत माझा भाचा आणि त्याची बायको, मागे आम्ही दोघं. रविवारी पाचगणी सोडून पसरणी घाट उतरायला लागलो. पाचगणीपासून वाईपर्यंत दहा-बारा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटर खाली यायचं असतं. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर माझ्या लक्षात आलं की त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे विझतच नाहीत. सरळ रस्ता असो की वळण, त्याचा पाय ब्रेकवरच. मग वास आला आणि पुढच्या चाकातून पांढरा धूर दिसायला लागला. मी हेडलाइट मारत राहिले, नवऱ्याने खिडकीतून हात काढून थांबायची खूण केली. नशिबाने डोंगराच्या बाजूला रुंद जागा मिळाली आणि भाच्याने गाडी तिथे घातली. घातली म्हणजे ती थांबायलाच तयार नव्हती. शेवटी चाक मुरुमाच्या ढिगात रुतलं तेव्हा थांबली.

तो खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "मावशी, पाय पार खालपर्यंत गेला, ब्रेक लागेचना." सूनबाई गाडीतच बसून होती, एक शब्द बोलत नव्हती. पाचगणीपासून तो गाडी न्यूट्रलला टाकून आला होता. कारण विचारलं तर म्हणाला, पेट्रोल वाचतं.

पेट्रोल वाचत नाही. हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं आणि ते पेट्रोल पितं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त खर्च, वर इंजिनाचा अडसर गेल्यामुळे गाडीचा सगळा भार ब्रेकवर. आणखी थोडं वाचवायला कुणी इंजिनच बंद करतं, त्याचं तर मला भयच वाटतं. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनावर चालतो. बंद गाडीत दोन-तीनदा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं घट्ट होतं, आणि स्टीअरिंगही जड होतं.

भाच्याचं पॅडल मात्र घट्ट झालं नव्हतं, मऊ पडलं होतं. त्याचं कारण ब्रेक ऑइल. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं असेल तर १५५ अंशांनाही उकळू शकतं. सतत दाबलेल्या ब्रेकमध्ये तेवढी उष्णता सहज तयार होते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की तुम्ही पॅडल दाबता तेव्हा बुडबुडेच दाबले जातात, ब्रेकपर्यंत जोर पोचत नाही. वाईच्या गॅरेजमध्ये त्याचं तेल काढलं ते कोऱ्या चहासारखं काळपट होतं. गाडी घेतल्यापासून चार वर्षांत कुणी बदललं नव्हतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि घाटात जायच्या आधी गॅरेजवाल्याला तेवढं एक विचारा.

माझी पद्धत जुन्या ट्रक ड्रायव्हरांकडून आलेली आहे : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पसरणी मी दुसऱ्या-तिसऱ्यात उतरते. वळणाच्या आधी ब्रेक एकदाच नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा. हलका पाय ठेवून घासत राहायचं नाही. इंजिन जोरात ओरडतं म्हणून नवशिके घाबरतात आणि वरचा गिअर टाकतात. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा लाल पट्ट्याच्या खाली असेपर्यंत ओरडू द्या. ऑटोमॅटिक असेल तर नुसत्या डी वर सोडू नका, मॅन्युअल मोड किंवा एल वर घ्या. ती सोय कशासाठी आहे हे ठाऊक नसलेले लोक लाखोंच्या गाड्या घेऊन फिरतात, याचं मला वाईट वाटतं.

तरीही ब्रेक तापलेच तर अर्धा-पाऊण तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेकही करकचून ओढू नका. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रस्त्यात तसाच सोडलेला दगड अंधारात मागच्या स्कूटरवाल्याचा घात करतो. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी घाटात असे दगड दिसतात.

चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं

यात माझा स्वतःचा क्लच गेला आहे. मे महिना, जोडून आलेली सुट्टी आणि पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात गाड्यांची अखंड रांग. तेव्हा मला गाडी शिकून वर्षही झालं नव्हतं. पुढची गाडी दोन हात सरकली की मीही दोन हात सरकायची, आणि मधल्या वेळात ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची. ते मला कौशल्य वाटत होतं. तासाभराने इंजिन नुसतंच गरगरायला लागलं, गाडी पुढे जाईना. गाडी टो करून न्यावी लागली आणि आमचे दोन्ही दिवस गॅरेजच्या बाकड्यावर गेले.

आता मी पुढच्या गाडीबरोबर सरकत नाही. हँडब्रेक ओढते, न्यूट्रल करते, पाय मोकळे करते. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा झाली की पहिला गिअर टाकून क्लच थोडा सोडायचा, गाडी ओढ घेते आहे असं जाणवलं की हँडब्रेक खाली. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. त्याला वर पोचायला तुमच्यामुळे अर्धा मिनिट उशीर होईल. हे हँडब्रेकवरून निघणं एखाद्या रिकाम्या चढावर वीस वेळा करून बघितल्याशिवाय घाटात येऊ नये. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सपाट रस्त्यावर काही दिवस शिकून पुढच्या शनिवारी थेट घाट गाठणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, अजून महिनाभर थांबा, महाबळेश्वर कुठे जात नाही.

एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाडीवाल्यांना वाटतं आपल्याला क्लचच नाही. आहे, फक्त तो मशीन दाबतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरली की तोही तसाच जळतो. ब्रेक लावा.

दोन दिवसांत चौदा पॉइंट

आता मुद्दा सहलीचा. पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. वाटेत काही अडचण आली नाही तर तीन-साडेतीन तास. म्हणून लोक हिशोब करतात : शनिवारी अकराला पोचू, दुपारपर्यंत अमुक, संध्याकाळी तमुक, रविवारी सकाळी प्रतापगड, दुपारी तापोळा, येताना पाचगणीचं टेबललँड. हॉटेलवाल्याने दिलेला नकाशा हातात असतो आणि त्यावर फुल्या मारत जायचं असतं. त्यात प्रतापगडाकडे जाणं म्हणजे आंबेनळी घाट उतरून पुन्हा चढणं. तापोळ्याचा रस्ता अरुंद आणि सतत वळणांचा. गाडी चालवणारा दिवसभर फक्त रस्ता बघतो, शेजारी बसलेली व्यक्ती दिवसभर फोन बघते, आणि रविवारी रात्री दोघंही एकमेकांवर वैतागून घरी येतात.

आमचा नियम आहे, सकाळी एक जागा आणि संध्याकाळी एक. मधली दुपार झोपेची. सकाळी लवकर जुन्या महाबळेश्वरला जायचं. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. तिथून थोडं पुढे कृष्णाबाईचं दगडी देऊळ आहे. त्याच्या ओट्यावरून कृष्णेचं खोरं दिसतं आणि गर्दी बहुधा पहिल्या देवळातूनच परत फिरलेली असते. आम्ही तिथे तासभर नुसते बसतो. माझ्या मते दोघांच्या सहलीत त्या एका तासाची किंमत बाकीच्या सगळ्या पॉइंटांपेक्षा जास्त आहे.

येताना घाई नसेल तर वाईजवळ मेणवलीला थांबा. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराच्या देवळापाशी वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. घाट उतरून गाडीलाही तिथे विसावा मिळतो.

रविवारी दुपारी चारला निघणं ही याच चुकीची दुसरी बाजू. सगळं महाबळेश्वर त्याच वेळी निघतं. एकतर रविवारी जेवणाआधी निघा, किंवा सोमवारी अर्धी रजा टाका. आम्ही सोमवारी पहाटे साडेपाचला निघतो आणि नऊच्या सुमारास घरी असतो.

बाकीच्या, थोडक्यात

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका. दिवसभराच्या थकव्यावर रात्रीचा घाट, आणि त्या जंगलात गवे आहेत. काळा गवा काळ्या रात्री हेडलाइटमध्ये येईपर्यंत दिसत नाही. शनिवारी पहाटे पाचला निघा.

स्टेपनी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिच्यात हवा आहे का बघा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का तेही बघा. अलॉय व्हीलला चोरी होऊ नये म्हणून वेगळा नट लावलेला असेल तर त्याची चावी गाडीतच हवी, घरच्या कपाटात नको.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. वळणावर हॉर्न द्या आणि आपली बाजू सोडू नका.

धुक्यात हाय बीम नको, लो बीम लावा. पांढऱ्या पडद्यावर मोठा झोत मारला की तो परत आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवणं तर बंदच करा. तुम्ही उभे आहात, चालताय की वळताय, हे मागच्याला कळत नाही. फारच दाट असेल तर एखाद्या टपरीवर चहा घेत बसा.

चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. उकडेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते. तरीही काटा खाली येत नसेल तर गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गाडी गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेला माणूस मी पाहिला आहे.

फोनवरचा नकाशा सात मिनिटं वाचवतो म्हणून कुठल्याही वाडीतल्या रस्त्याला गाडी घालू नका. सुरूर फाटा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर हा रस्ता सरळ आहे. नकाशाला वळणावर समोरून आलेली उसाची ट्रॉली दिसत नाही.

गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं, लांब रस्त्याकडे बघावं, फोन बाजूला ठेवावा. वाईत तेलकट मिसळ खाऊन लगेच घाट चढू नये. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, उलटी आल्यावर नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने ती घ्यायची नाही, झोप येते. शेजाऱ्याला मळमळतंय म्हटल्यावर चिडू नका, वेग कमी करा. निम्मी मळमळ चालवणाऱ्याच्या झटक्यांनी होते.

"ते बघ, दरी बघ" असं चालवणाऱ्याला सांगू नका. तिला किंवा त्याला दरी दाखवायची असेल तर रुंद जागा बघून गाडी थांबवायला सांगा, आणि चालवणाऱ्याने कुरकुर न करता थांबावं. वळणावर उभं राहून फोटो मात्र नको.

माकडांना काही देऊ नका, गाडीच्या काचा वर ठेवा.

स्ट्रॉबेरी निघायच्या दिवशीच घ्या, शक्यतो सकाळी. पुडा डिकीत बॅगांखाली ठेवला तर घरी पोचेपर्यंत लगदा होतो. मी मागच्या सीटच्या पायाशी सपाट जागेवर ठेवते, वरून ओला पंचा टाकते आणि त्या दिवशी एसी थोडा जास्त ठेवते.