जलसा करायचाय? मग काही कडवी वस्तीसाठी मोकळी सोडा

हल्ली बरीच पोरंपोरी विचारतात की ताई आम्हाला वस्तीत पाण्याच्या नाहीतर कचऱ्याच्या प्रश्नावर जलसा, म्हणजे गाण्या-बोलण्याचा कार्यक्रम करायचाय, दोघंतिघं वाजवणारे आहेत, एकाकडे प्रोजेक्टर आहे, पण सुरुवात कुठून करायची. दरवेळी फोनवर तासभर बोलणं होतं, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढतेय. उदाहरण पाण्याचं घेते कारण आमचे सगळ्यात जास्त प्रयोग पाण्यावर झालेत.

आमचा पहिला कार्यक्रम होता तेव्हा बारा मिनिटांचा व्हिडिओ कापून-जोडून तयार, चार गाणी पाठ, निवेदन पाठ. लोकांनी शांतपणे बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि जेवायला घरी गेले. एक आजी मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, ह्ये समदं आमाला म्हाईतच हाय की." त्या एका वाक्यानंतर आम्ही पूर्ण पद्धत बदलली. धृपद, म्हणजे दर कडव्यानंतर पुन्हा येणारी ओळ, आपलं, कडवी तिथल्या लोकांची आणि तीही त्याच संध्याकाळी, त्यांच्यासमोर रचलेली.

ही काही आमची नवी युक्ती नाही. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, तेव्हा गावातली घाण कुठे आहे ते त्यांनी स्वतः बघितलेलं असायचं. मग कीर्तनात लोकांना सवाल टाकायचे, लोक जवाब द्यायचे, आणि त्या जवाबाला धरून बाबा पुढे बोलायचे. सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचा घाट उचलला, गण म्हणजे सुरुवातीचं नमन, बतावणी म्हणजे मधले सवालजवाब, वग म्हणजे गोष्टीचं नाटक, सगळं लोकांच्या ओळखीचं, फक्त आतला माल बदलला, सावकार आणि शिक्षण आणलं. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. बतावणी ही तर आयत्या वेळची हजरजबाबीच असते, म्हणजे ज्याला आता सगळे इम्प्रोव्हायझेशन म्हणतात ते आपल्याकडे चावडीपुढे रोज चालायचं.

आता कामाचं. प्रयोगाच्या आधी किमान तीनदा वस्तीत जा, आणि वाद्यं न नेता जा. नळावर उभं राहा, टँकर किती वाजता येतो ते स्वतः बघा, कोण कोणाला काय म्हणतं ते ऐका. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा पण विचारून, आणि हे कुठे वाजवणार आहोत ते स्पष्ट सांगून. हंड्याचा आवाज, हापशाची करकर, टँकरचा हॉर्न, रांगेतलं भांडण, हे सगळं पुढे संगीतात येणार आहे. त्याच काळात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ठेवा, दहा रुपयांचं काम आहे, कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. या वॉर्डात टँकरच्या किती फेऱ्या मंजूर आहेत, नोंदवहीत किती लिहिल्यात, एवढंच विचारा. तो कागद पडद्यावर आला ना की गर्दीत जी शांतता होते ती कुठल्याच गाण्याने होत नाही.

मग धृपद बांधा. सोपी चाल घ्या, केरव्यात बसणारी, जी पोरांना दुसऱ्यांदा ऐकून म्हणता येईल. आमचं असं होतं:

नळ हाय दारात, धार जाती तिकडं
पाणी गेलं कुनीकडं रं, पाणी गेलं कुनीकडं

यात खरी तयारी शेवटच्या यमकाची आहे. "कडं"ला जुळणारे शब्द आधीच गोळा करून ठेवा: कोरडं, वाकडं, तोकडं, उघडं, साकडं, लाकडं. भिंतीवर लावून पाठच करा. कारण समोरून बाई काय बोलेल ते तुम्हाला माहीत नसतं, पण तिचं बोलणं कुठे नेऊन टेकवायचं ते माहीत असलं की शाहीर घाबरत नाही. एकदा एक ताई म्हणाल्या, रात्री दोनला उठावं लागतं आणि पोरगं शाळेत झोपतं. आमच्या शाहिराने तिथल्या तिथे केलं:

रातच्या दोनला उठती बाई, रांगंत उभी ऱ्हाती
पोरगं शाळंत डुलक्या घेतं, बाई वाट ही पाहती
टँकर येतो, निघून जातो, घर तिचं कोरडं

आणि लगेच झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे उभं राहून साथीला गाणाऱ्यांनी, धृपद उचललं. झीलकरी फार महत्त्वाचे बरं का, नवे ग्रुप सगळं लक्ष मुख्य गाणाऱ्यावर देतात आणि झील धरायला उरलेसुरले उभे करतात. उलट करा. झीलकऱ्यांनी धृपद दोनदा जास्त घोळवलं तर शाहिराला पुढचं कडवं जुळवायला वीस-पंचवीस सेकंद मिळतात, आयत्या वेळचं रचणं त्या वीस सेकंदांवर उभं असतं. दोन शाहीर असतील तर अजून बरं, एक गातोय तोवर दुसरा माईकवर काय बोललं गेलं ते ऐकून जुळवतो.

वाजवणाऱ्यांना खुणा ठरवून द्या. अमेरिकेतले बुच मॉरिस नावाचे संगीतकार होते, त्यांनी हाताच्या खुणांनी अख्खा वाद्यमेळ आयत्या वेळी घडवायची पद्धत बसवली, तिला ते कंडक्शन म्हणत, आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी क्रमांक देऊन केलेलं पहिलं कंडक्शन अमेरिकेतल्या वंशभेदावरच होतं. एवढं मोठं शास्त्र आपल्याला नको, पाच खुणा बस झाल्या. उघडा तळहात म्हणजे आहे ते धरून ठेव. मूठ म्हणजे एकदम बंद. बोट फिरवलं की आत्ता वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा. हात खाली म्हणजे हळू, कोणीतरी बोलतंय. आणि डोक्याला हात म्हणजे धृपद. मूठ मात्र सगळ्यात जास्त घोटा. ढोलकी, डफ, तुणतुणं सगळं एका क्षणात थांबलं आणि फक्त रेकॉर्ड केलेला रिकाम्या हंड्याचा आवाज आला तर माणसं श्वास धरतात.

पावसाळ्यात डफाचं आणि हलगीचं चामडं सैल पडतं, म्हणून शेकायला कागद आणि काडेपेटी जवळ ठेवा आणि दर वीस मिनिटांनी कोणीतरी ते काम करायचं हे आधीच ठरवा.

पडद्याचं सांगते. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मला विचाराल तर जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर शोधा, शाळा-कॉलेजात एकेकाळी होता तो, काच आणि वर आरसा असलेला. जुन्या बाजारात, भंगारात मिळतो अजून. त्यावर पारदर्शक कागद ठेवून मार्करने लिहायचं, लिहिणाऱ्याचा हात पडद्यावर केवढा मोठा दिसतो, आणि लोकांच्या लक्षात येतं की हे आत्ता घडतंय, आधी करून आणलेलं नाही. कोणी बोललं "आठ दिवसांनी पाणी आलं", की पडद्यावर ८ हा आकडा उमटतो. काचेच्या थाळीत पाणी घालून शाईचा थेंब सोडला की नदी काळी होताना दिसते, तेवढ्यात डफ हळू. वस्तीतल्याच एखाद्या चित्र काढणाऱ्या पोरीला तिथे बसवा. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी बसली होती, तिने गल्लीचा नकाशा काढून कुठल्या नळाला पाणी येतं आणि कुठल्या नाही ते फुल्या मारून दाखवलं, आम्हाला कोणालाच ते इतकं नीट माहीत नव्हतं.

डिजिटल प्रोजेक्टर असेल तर तीन हजार ल्युमेनच्या (हे उजेडाचं माप) खालचा नको, रस्त्यावरच्या दिव्यात काही दिसत नाही. जवळचा एखादा दिवा थोडा वेळ बंद करता येतो का ते विचारा पण अख्खी गल्ली अंधारात टाकू नका, बायका-मुली यायच्या थांबतात. पडद्याला पांढरी चादर इस्त्री करून, खालून दगड बांधून. मोबाईल वायरनेच जोडा, वायरलेसवर चित्र अर्धा-पाऊण सेकंद मागे पडतं आणि ढोलकी वाजवणाऱ्याचे हात आणि आवाज जुळत नाहीत. वीज ज्या घरातून घेणार त्यांना पैसे द्या, आणि साऊंड व प्रोजेक्टर एकाच बोर्डवर लावा, नाहीतर घुंईई असा आवाज सुरू होतो आणि कारण सापडेस्तोवर अर्धी गर्दी पांगते.

शंभर-दीडशे माणसांच्या चौकात दोन स्पीकर पुरतात. स्पीकर माईकच्या पुढे ठेवायचे, मागे ठेवले की शिट्टी वाजणारच. ढोलकी-हलगीला माईक नको. लोकांसाठी एक वेगळा माईक हवा पण तो कोणाच्या हातात देऊ नका, तुम्हीच धरून समोर न्या. एकदा दिला आणि एका भाऊंनी वीस मिनिटं भाषण केलं, बायका उठून गेल्या त्या परत आल्या नाहीत. आणि प्रश्न छोटा विचारा. "पाण्याच्या समस्येबद्दल काय वाटतं" असं विचारलं तर कोणी बोलत नाही. "काल किती हंडे मिळाले?" असं विचारा, पाच जणी एकदम बोलतात. पहिला प्रश्न म्हाताऱ्या माणसाला, कारण एकदा आजी बोलल्या की सुनांना बोलायला जागा होते.

क्रम कसा लावायचा यासाठी मी कायम अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, सांगते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड गाजली. ती सुरू होते गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने, मुंबईत आलेल्या कामगाराच्या एकटेपणाने, आणि बऱ्याच वेळाने बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या महाराष्ट्रापासूनच्या ताटातुटीवर येते. तोवर ऐकणाऱ्याचा गळा भरून आलेला असतो. म्हणून आधी हंडा, पोरगं, झोप, कंबरदुखी, मग टँकरच्या फेऱ्यांचा आकडा, मग तो माहिती अधिकाराचा कागद. सुरुवातीलाच घोषणा दिल्या तर लोकांना वाटतं मोर्चा आहे, कडेने निघून जातात.

आता परवानगी आणि सुरक्षितता, हे वाचायचा कंटाळा करू नका. लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, राहत्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. ढोलकी जवळून वाजली तरी ५५ च्या वर जाते, त्यामुळे स्पीकर लोकांकडे तोंड करून, बेताचा आवाज. आम्ही सातला सुरू करून पावणेनऊला संपवतो. त्या दिवसांत जमावबंदीचा आदेश लागू आहे का तेही विचारून घ्या. ठरीव संहितेचं नाटक करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, त्याबद्दल ओळखीच्या वकिलाशी आधीच बोला.

चेहरे दाखवताना शंभरदा विचार करा. एका ठिकाणी आम्ही एका बाईचा बोलतानाचा व्हिडिओ पडद्यावर लावला, तिची परवानगी होती, तरी दुसऱ्या दिवशी टँकर तिच्या गल्लीत थांबलाच नाही. आम्ही तर आमच्या घरी निघून आलो होतो. तेव्हापासून फक्त आवाज किंवा फक्त हात, नाव नाही, गल्ली नाही. कडव्यात पण माणसाचं नाव घेऊन आरोप नको, कागदावर जे आहे तेवढंच, आकडा आणि तारीख. आणि कोणी धक्काबुक्की करायला आलं तर वाद्यं सोडा, माणसं सांभाळा. दिल्लीचे पथनाट्य करणारे सफदर हाश्मी, त्यांच्यावर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ तारखेला त्यांचे साथी त्याच जागी परत गेले आणि तेच नाटक केलं, त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी स्वतः त्यात उभ्या होत्या. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, दोन माणसं कायम गर्दीच्या कडेला लक्ष ठेवून उभी हवीत आणि परतीचा रस्ता ठरलेला हवा म्हणून सांगतेय.

शेवटचं कडवं झालं की धृपद बंद करू नका. बाजूला टेबल मांडून ठेवलेलं असतं, त्यावर पाणीपुरवठा विभागाला द्यायचा अर्ज, पेन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड. झीलकरी हळू आवाजात चाल धरून ठेवतात आणि लोक सही करायला येतात, लिहिता येत नाही त्यांना कोणीतरी अर्ज वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्याच तिघीचौघी तो अर्ज ऑफिसात नेऊन देतात, आपण फक्त सोबत जायचं, बोलायचं त्यांनी.

रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर टाकून वस्तीतल्या एखाद्या मंडळाकडे किंवा बचत गटाकडे द्या आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांचं तुमच्याकडून लगेच पुसा. महिन्याभराने त्याच चौकात परत जा. अर्जाला उत्तर आलं असेल तर ते पडद्यावर लावा, आलं नसेल तर पोचेवरची तारीख लावा आणि किती दिवस झाले ते त्या सातवीतल्या पोरीला काचेवर लिहू दे.