बांधलेल्या ट्रॅक्टर इंजिनाचे पहिले ऑइल

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीत पूर्ण खोलून पुन्हा बांधून घेतलेले डिझेल इंजिन ऊसतोडणीपूर्वी हाती यावे ही निकड रास्तच आहे, पण पहिले ऑइल मात्र विचारपूर्वक निवडावे. होनिंगने, म्हणजे घासकामाने, लायनरवर (सिलिंडरच्या आतील नळीवर) उमटलेल्या बारीक तिरप्या रेषांवर पिस्टनच्या रिंगा थोड्या घासूनच बसतात, आणि फार निसरडे सिंथेटिक ऑइल ही आवश्यक झीज मंदावू शकते; म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे, बहुधा १५डब्ल्यू-४०, मिनरल डिझेल ऑइल घ्यावे. जोडणीच्या वेळी बेअरिंगांना आणि कॅमला असेंब्ली ल्यूब, म्हणजे जोडणीसाठीचे खास वंगण, लावावे. साधे ग्रीस नको, कारण ते फिल्टर तुंबवू शकते. इंजिन तासन्‌तास आयडलवर, म्हणजे बिनभाराच्या मंद गतीवर, ठेवल्यास लायनर गुळगुळीत होऊन ऑइल जळू लागते, त्यामुळे मध्यम, बदलता भार द्यावा. उसाची भरलेली ट्रॉली लगेच जोडू नये. साधारण ५० तासांनी ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत.