माजी विद्यार्थ्यांकडून रिव्ह्यू मागताना या चुका टाळा

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की पालक एका टॅबमध्ये कटऑफची पीडीएफ आणि दुसऱ्यात कॉलेजचे गुगल रिव्ह्यू उघडून बसतात. 'बेस्ट कॉलेज', 'नाइस कॅम्पस' असे वीस-पंचवीस रिव्ह्यू एकाच आठवड्यातले दिसले, की त्यांना काय ते कळतं.

हे रिव्ह्यू बहुधा कॉलेज सोडताना 'काही देणं बाकी नाही' असा नो-ड्यूजचा दाखला मिळतो त्या खिडकीवर जन्मलेले असतात. लायब्ररीचा शिक्का, लॅबचा शिक्का आणि मग 'फाइव्ह स्टार दिल्याचा स्क्रीनशॉट दाखवा'. मुलगा टीसीसाठी पाच स्टार देतो आणि घरी गेल्यावर त्याचाच एक स्टार करतो. वर गुगलच्या धोरणात बक्षीस, सवलत किंवा दबाव टाकून घेतलेला रिव्ह्यू बसतच नाही. पकडलं गेलं तर रिव्ह्यू काढले जातात, काही काळ नवे रिव्ह्यू बंद होतात, प्रोफाइलवर इशाराही झळकू शकतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातला 'रिव्ह्यू टाका, लकी ड्रॉ जिंका' हा प्रकारही त्यातलाच.

याहून साळसूद चूक म्हणजे आधी गुगल फॉर्मवर मत विचारायचं आणि खूश दिसतील त्यांनाच रिव्ह्यूची लिंक द्यायची. अशी चाळण लावायलाही मनाई आहे. लिंक द्यायची तर सगळ्यांना द्या. कॉलेजात शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र वगळा. नोकरी करतो तिथलाच रिव्ह्यू हा हितसंबंधांचा मामला होतो.

मजकूर तयार करून देऊ नका. एकाच साच्यातली वाक्यं स्पॅम फिल्टरला दिसतात, माणसांना तर त्याआधी. त्याऐवजी प्रश्न द्या: कोणती शाखा, कोणत्या वर्षी पास आऊट, प्रॅक्टिकल खरंच होत होती का, प्लेसमेंटला कोणत्या प्रकारच्या कंपन्या आल्या, होस्टेल-मेस कशी होती, काय खटकलं? शेवटचा प्रश्न गाळायचा मोह होतो, पण त्याच्याच उत्तरामुळे बाकीचं खरं वाटतं. मेसेज एवढाच पुरे: 'नमस्कार, आपण २०२१ च्या मेकॅनिकल बॅचचे. यंदा फॉर्म भरणाऱ्या मुलांना आपला अनुभव उपयोगी पडेल. बरं-वाईट जसं असेल तसं, सवडीने लिहा.' स्टारचा उल्लेख नको.

मेसेज ऑफिसच्या नंबरवरून गेला तर पडून राहतो. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो; 'पाचशे जणांना पाठवलं, दोघांनीच लिहिलं' यामागे पुष्कळदा एवढंच असतं. त्या बॅचच्या वर्गशिक्षकांनी किंवा सीआरने (वर्ग प्रतिनिधीने) एकेकाला पाठवावं, आठवड्याला दहा-पंधरा जणांना, वर्षभर. फक्त जून-जुलैत जाग आली की ती तारखांवरून दिसते.

पिन तपासा. मॅप्सवर कॉलेज, होस्टेल आणि संस्थेचं जुनं नाव असे तीन पिन असले की रिव्ह्यू विखुरतात. एकाच जागेचे दुहेरी पिन एकत्र करायची विनंती आधी करा. मग कॉलेजच्या गुगल बिझनेस प्रोफाइलमधल्या 'रिव्ह्यू मागा' या पर्यायातून मिळणारी लिंक किंवा क्यूआर कोड वापरा. मेळाव्याच्या हॉलमध्ये क्यूआर लावून सगळ्यांना एकदम लिहायला बसवू नका. एका तासात आलेला ढीग संशयास्पदच दिसतो.

'मी लिहिलं, पण दिसत नाही' अशी तक्रार आली तर लॉगिन न करता, इन्कॉग्निटो विंडोत बघा. लिहिणाऱ्याला स्वतःचा रिव्ह्यू दिसत राहतो, इतरांना दिसेलच असं नाही. मजकुरात लिंक किंवा फोन नंबर असेल तर काढायला सांगा आणि थोडे दिवस थांबा. पुन्हा पुन्हा टाकल्याने काम बिघडतं.

चांगला रिव्ह्यू फ्लेक्सवर किंवा प्रॉस्पेक्टसमध्ये घ्यायचा तर लेखी परवानगी घ्या. 'पण' नंतरचं वाक्य कापू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतलं मत खरं आणि बऱ्यापैकी ताजंही असावं लागतं. २००८ च्या बॅचने केलेलं लॅबचं कौतुक आजच्या लॅबला लावता येत नाही.

वाईट रिव्ह्यू आला की तो रिपोर्ट करायची घाई होते. पण निव्वळ टीका असेल तर गुगल तो काढत नाही. शिवीगाळ, धमकी किंवा खोटेपणा असेल तरच रिपोर्ट करा. 'होस्टेलला पाणी येत नाही' याला 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' हे उत्तर नव्हे. कोणत्या मजल्यावर अडचण होती, काय दुरुस्त केलं, कोणत्या महिन्यात, ते लिहा. रिव्ह्यू बदलायचा की नाही ते लिहिणाऱ्यावर सोडा; बदलण्यासाठी काही देऊ केलंत तर तोही नियमभंगच.