रांगोळीचा ठिपका आणि चाकाचा घेर: पहिल्या दोनशेच्या आधी सायकल कॉम्प्युटर लावताना

सायकल कॉम्प्युटरचा, म्हणजे हँडलवर वेग आणि अंतर दाखवणाऱ्या यंत्राचा, खोका उघडलात की आधी सेन्सर मोजा. दोन हवेत. बरेचसे स्वस्त सेन्सर 'स्पीड आणि केडन्स' असं नाव घेऊन येतात, पण त्यातला एक सेन्सर एका वेळी एकच काम करतो: चाकाच्या फेऱ्या मोजतो किंवा पेडलच्या. केडन्स म्हणजे पेडलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. सेल काढून पुन्हा बसवला की काम बदलतं, आणि कोणतं काम चालू आहे ते दिव्याच्या रंगावरून ओळखायचं. कोणता रंग कशाचा हे सोबतच्या कागदावर असतं, तेव्हा तो कागद जपून ठेवा. एकच सेन्सर मागवला गेला असेल तर दुसरा आजच मागवा. एवढ्यासाठीच ही तयारी बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत दोनशे किंवा जास्त किलोमीटर पुरे करायच्या लांब राइडच्या, आदल्या रात्रीवर ठेवू नये, निदान आठ दिवस आधी हातात घ्यावी.

जमवायचं सामान फार नाही. सीआर २०३२ जातीचे चार बटण सेल (दोन सेन्सरमध्ये, दोन सॅडलखालच्या पिशवीत), झाकण फिरवायला एक नाणं, सुताराकडे असतो तसा, पण सात-आठ मीटरचा पोलादी टेप, चिमूटभर रांगोळी, चार-पाच झिप टाय, जुनं फडकं आणि सायकल धरायला घरातलं एक माणूस. घरात लहान मूल असेल तर सेल उघड्यावर ठेवू नका, गिळला गेला तर जिवावर बेततं. कॉम्प्युटर पूर्ण चार्ज करा, घरच्या वायफायवर फोनच्या ॲपमधून त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या आणि एकक मैलावर असेल तर किलोमीटर करा.

आता सेन्सर बसवायचे. वेगाचा सेन्सर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीला, रबरानं आवळायचा. पुढच्या हबवर तो सहज बसतो आणि डोळ्यांसमोर राहतो. पावसाळ्यात घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवत असाल तर मात्र मागच्याच हबवर हवा, कारण तिथे पुढचं चाक फिरतच नाही. रबर ब्रेकच्या डिस्कला घासत नाही ना, हे चाक उचलून हातानं फिरवून पाहा. दिव्यासाठी वीज तयार करणारा डायनॅमो हब असेल तर तो इतका जाड असतो की रबर पुरत नाही, तेव्हाही मागचाच हब निवडा. केडन्सचा सेन्सर डाव्या क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला बसतो. इथे एक गोष्ट नीट बघायची: क्रँक आणि फ्रेमची मागची नळी यांच्यातली फट. काही सायकलींत ती इतकी कमी असते की सेन्सर प्रत्येक फेरीला नळीवर आपटतो. क्रँक उलटा फिरवून पूर्ण फेरी घ्या, मग बुटाची टाच लागते का ते पाहा. रबराच्या जोडीला एक झिप टाय मी कायम लावते. उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलीचं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं आणि तुटतं ते नेमकं खड्ड्यात.

माऊंट, म्हणजे कॉम्प्युटर अडकवायची बैठक, हँडलला पक्का बसवा, कॉम्प्युटरची दोरी हँडलच्या गळ्याभोवती ओवा, झालं.

खरा वेळ द्यायचा तो चाकाच्या घेराला. सेन्सर अंतर मोजत नाही, फक्त फेऱ्या मोजतो. अंतर येतं ते फेऱ्यांना घेरानं गुणून. म्हणजे तुम्ही भरलेला आकडा चुकला तर दिवसभराचं सगळंच गणित चुकतं. टायरच्या मापांच्या तक्त्यात ७०० बाय २५ टायरला (२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) २१०५ मिलिमीटर, २८ ला २१३६ आणि ३२ ला २१५५ असे आकडे मिळतात. सुरुवातीला ते चालतील, पण टायरमधली हवा आणि वर बसणाऱ्याचं वजन तक्त्याला ठाऊक नसतं.

म्हणून स्वतः मोजा. बीआरएमला जेवढी हवा भरणार तेवढीच भरा. पार्किंगमधली सपाट, झाडलेली फरशी शोधा. टायरवर ओल्या रांगोळीचा बारीक ठिपका द्या, सॅडलवर बसा, घरातल्या माणसाला हँडल धरून तुम्हाला सरळ रेषेत हळू ढकलायला सांगा. फरशीवर चार ठिपके उमटू द्या, म्हणजे तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या ठिपक्यापासून चौथ्यापर्यंत टेप लावा आणि तिनानं भागा. माझ्या २८ च्या टायरला ६३६६ मिलिमीटर आले, म्हणजे एका फेरीला २१२२. तक्त्यापेक्षा १४ कमी. सेन्सर ज्या चाकावर आहे तेच चाक मोजायचं. बसल्यावर मागच्या चाकावर भार जास्त येतो, तिथला आकडा थोडा निराळा निघतो. कॉम्प्युटरमध्ये घेर आपोआप ठरवण्याची सोय असते, तो जीपीएसवरून आकडा काढतो. मी ती बंद करून माझा आकडा भरते. आकडा मिलिमीटरमध्ये मागितलाय की सेंटिमीटरमध्ये, तेवढं बघून घ्या.

याचा एवढा आग्रह का, ते सांगते. एका पावसाळ्यानंतर रस्ते उखडले म्हणून मी २५ चे टायर काढून ३२ चे घातले आणि कॉम्प्युटरमधला २१०५ तसाच राहिला. बीआरएमच्या वळणांच्या कागदावर १५० व्या किलोमीटरला डावीकडे वळायचं होतं. माझ्या पडद्यावर १५० उमटलं तेव्हा वळण मागे टाकून मी साडेतीन किलोमीटर पुढे आले होते. परत फिरण्यात सात किलोमीटर आणि जवळजवळ अर्धा तास गेला, तोही पाय दमलेले असताना. दोनशेला साडेतेरा तास मिळतात आणि मधल्या कंट्रोलच्या, म्हणजे तपासणीच्या ठिकाणांच्या, वेळाही ठरलेल्या असतात, तिथे हा अर्धा तास फार मोठा असतो. टायर बदलला की घेर बदला, त्याच दिवशी.

जीपीएस असताना वेगाचा सेन्सर हवाच कशाला, असं बरेच जण विचारतात. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, पुढे कात्रजचा. बोगद्यात जीपीएसला आकाश दिसत नाही. वेग शून्यावर जातो किंवा भलताच दिसतो, आणि अंतर नंतर अंदाजानं जोडलं जातं. दाट झाडीच्या घाटात, कड्याला चिकटून चढतानाही आठ किलोमीटरचा वेग पाच आणि बारा यांच्यात उड्या मारतो. चाकावरचा सेन्सर तिथे बिनचूक चालतो. सेटिंगमध्ये वेग आणि अंतर यांच्यासाठी पहिला मान सेन्सरला द्या. नकाशावरची रेघ जीपीएसच काढेल.

जोडणी घरीच करा, स्टार्टला तीस-चाळीस सायकलींच्या घोळक्यात करू नका. तिथे सगळ्यांचे सेन्सर जागे असतात आणि तुमचा कॉम्प्युटर शेजारच्याचा केडन्स पकडून बसतो. सेन्सर हलल्याशिवाय जागा होत नाही, म्हणून आधी चाक आणि क्रँक फिरवा, मग शोधायला लावा. यादीत एकच सेन्सर अँट प्लस (ब्लूटूथसारखीच बिनतारी जोडणी) आणि ब्लूटूथ असा दोनदा दिसला तर मी अँट प्लस निवडते, कारण ते एकाच वेळी अनेक यंत्रांना ऐकू जातं. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात. फोननं आधी पकडलेला सेन्सर कॉम्प्युटरला सापडतच नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत सेन्सर कधीच जोडू नका. सगळं जुळलं की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि दोन्ही सेन्सर आपसूक परत येतात ना, याची खात्री करा.

आता दोन्ही एकमेकांवर ताडून पाहायचे. सपाट रस्त्यावर पुढे ३४ दातांचं आणि मागे १७ दातांचं चक्र घ्या: पेडलच्या एका फेरीला चाक बरोबर दोनदा फिरतं. केडन्स ९० वर धरला तर २१२२ च्या घेराला वेग २२.९ च्या आसपास दिसला पाहिजे. नाही दिसला तर एक सेन्सर फेऱ्या गाळतोय. बहुधा सेल उतरलेला असतो किंवा रबर ढिलं. केडन्स एकदा हातानंही मोजा: पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस वेळा वर आला म्हणजे ८०.

हा केडन्सचा आकडा मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो. पूर्वी मी जड गिअर दाबत घाट चढायचे, केडन्स ४५-५० असणार, आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत गुडघे ठणकायचे. आकडा समोर दिसायला लागल्यावर सवय मोडली. सपाटीला ८० ते ९०, घाटात ६० च्या खाली गेला की गिअर हलका, एवढंच पाळते. म्हणून घाटासाठी मी वेगळं पान ठेवलंय: केडन्स, चढाची टक्केवारी आणि अंतर. वेग त्या पानावर नाही. चढावर सात दिसला की मन खचतं आणि पाय उगाच जोर लावतात.

दुसऱ्या पानावर एकूण गेलेला वेळ मोठ्या अक्षरात ठेवा. चालता वेळ आणि एकूण वेळ हे दोन निराळे आकडे आहेत. तुम्ही चहाला थांबलात की ऑटो पॉज चालता वेळ थांबवतो, बीआरएमचं घड्याळ थांबत नाही. बीआरएमला मी ऑटो पॉज बंदच ठेवते. केडन्सच्या सरासरीत शून्य धरू नका, नाहीतर उतारावर पाय थांबवलेला वेळही त्यात शिरतो.

मग तीस-चाळीस किलोमीटरची एक राइड, ज्यात निदान एक चढ असेल. परत आल्यावर अंतर फोनवरच्या नोंदीशी ताडा. मोकळ्या रस्त्यावर फरक एका टक्क्याच्या आत यायला हवा. रबरं पुन्हा दाबून पाहा, पहिल्या राइडमध्ये ती थोडी सरकतात.

शनिवारी संध्याकाळी मार्गाची फाइल कॉम्प्युटरमध्ये उघडून पाहा, इंटरनेट बंद ठेवून. चार्ज शंभर टक्के, पडद्याचा प्रकाश पाच सेकंदांनी विझणारा, पॉवर बँक आणि आखूड केबल पुढच्या पिशवीत. काही पॉवर बँका एवढ्याशा यंत्राला चार्ज करताना मधेच बंद पडतात, म्हणून आधी घरी अर्धा तास लावून बघा. वळणांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. रविवारी पहाटे स्टार्टला पोचलात की सायकल उचलून सेन्सर असलेलं चाक फिरवा, क्रँक उलटा फिरवा, दोन्ही आकडे हलले की बटण दाबा आणि निघा.