गॅसवाहिनी आणि केबलजवळ व्हॅक्यूम खोदाई करताना

शहरातील पदपथाखाली विजेच्या केबल, ऑप्टिकल फायबर, जलवाहिनी आणि पाइप गॅसची वाहिनी अनेकदा हातभर अंतरात एकमेकींना खेटून असतात. तेथे जेसीबी लावण्यापूर्वी, पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने माती सुटी करून ती जाड होजमधून टाकीत ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम खोदाईच्या गाडीने ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते पाहण्यासाठीचा छोटा खड्डा, घेणे शहाणपणाचे असते. मात्र या यंत्राने वाहिनी फुटतच नाही, हा समज साफ चुकीचा आहे, कारण एकाच जागी रोखून धरलेला पाण्याचा झोत केबलचे आवरणही कापतो आणि गॅसचा प्लास्टिक पाइपही.

खोदाईची सूचना आधी ‘कॉल बिफोर यू डिग’ या केंद्र सरकारच्या ॲपवर द्यावी. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या या ॲपमधून त्या भागात वाहिन्या टाकलेल्या संस्थांना कळवता येते. तरीही वीज कंपनी, गॅस कंपनी आणि पालिकेचा पाणीपुरवठा विभाग यांच्याकडून नकाशे मागवावेत आणि शक्य असेल तर त्यांचा माणूस जागेवर बोलावून घ्यावा, कारण डांबराचे थर चढून रस्ता उंच झाला की नकाशात लिहिलेली खोली जुळत नाही. गॅसच्या पिवळ्या पॉलिथिलीन पाइपमध्ये धातू नसल्याने केबल शोधणाऱ्या लोकेटरला तो सापडत नाही. सोबत ट्रेसर वायर, म्हणजे लोकेटरला सापडणारी धातूची तार, टाकलेली असेल तरच त्याचा माग लागतो. जमिनीत लहरी सोडणारे रडारही ओल्या काळ्या मातीत फार खोलवर पोहोचत नाही. यंत्राने काही दाखवले नाही म्हणजे खाली काही नाही, असे कोणीही धरून चालू नये.

हवा वापरावी की पाणी, हे मातीवर ठरते. कोरड्या, भुसभुशीत मुरमात हवेचा झोत चांगला चालतो आणि बाहेर आलेली माती पुन्हा भरावाला वापरता येते. चिवट काळ्या मातीत हवा फारच संथ पडते, म्हणून तेथे बहुधा पाणीच वापरावे लागते; पण मग तोच चिखल होजमध्ये चिकटून बसतो. बेसाल्टचा सलग खडक लागला तर या गाडीचा उपयोग संपतो.

पाण्याच्या दाबाबाबत कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या मार्गदर्शक सूचना आपल्याकडेही आधार म्हणून घेण्यासारख्या आहेत. सरळ तोंडाच्या नोझलला कमाल दाब २,५०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), आणि वाहिनीच्या ४५० मिलिमीटर जवळ पोहोचल्यावर १,५०० पीएसआय, अशी मर्यादा तेथे घालून दिलेली आहे. नोझल वाहिनीपासून आणि मातीपासून किमान २०० मिलिमीटर दूर ठेवावे, ते मातीत कधीही खुपसू नये आणि गन सतत हलती ठेवावी. ट्रिगर सोडताच झोत बंद झाला पाहिजे. ट्रिगर तारेने बांधून ठेवलेला दिसला तर काम तिथल्या तिथे थांबवावे. गॅसच्या पाइपवर साधारणपणे पिवळी इशारापट्टी अंथरलेली असते. ती दिसली की दाब उतरवावा, झोत थेट पट्टीवर न मारता बाजूची माती सोडवावी आणि शेवटचा थर हाताने काढावा.

अपघाताच्या बाबतीत लोक झोताला घाबरतात, पण होजला घाबरत नाहीत, आणि माझ्या मते धोक्याची खरी जागा तीच आहे. २०० मिलिमीटर व्यासाच्या होजमध्ये वातावरणाच्या निम्म्या दाबाइतकी पोकळी असेल आणि तिचे तोंड तळहाताने किंवा मांडीने पूर्ण बंद झाले, तर सुमारे १६० किलो वजनाइतका जोर त्या अवयवावर येतो. तेवढ्या जोरापुढे माणसाला स्वतःला ओढून सोडवता येत नाही. म्हणून व्हॅक्यूम तोडण्याची कळ होज धरणाऱ्याच्या हाताशी असावी, तिची चाचणी रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी आणि अडकलेला दगड व्हॅक्यूम पूर्ण तोडल्याशिवाय हाताने काढू नये. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला रुमाल आणि मोकळे केस होजच्या आसपासही नकोत.

कोरडी माती होजमधून वेगाने जाताना स्थिर वीज साठते, त्यामुळे गाडीला अर्थिंग द्यावे आणि होजचे सर्व तुकडे एकमेकांना विद्युतदृष्ट्या जोडलेले आहेत याची खात्री करावी. जिवंत केबल असण्याची शक्यता असेल तेथे इन्सुलेटेड बूट आणि हातमोजे अनिवार्य समजावेत. बूम, म्हणजे होज पेलणारा गाडीचा यांत्रिक हात, उचलण्यापूर्वी वर पाहावे, कारण खालची केबल वाचवण्याच्या नादात डोक्यावरच्या तारेचा विसर पडतो. हवा ओढणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, तेव्हा ऑपरेटर आणि हेल्पर यांनी हातांच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात आणि कानांना संरक्षण वापरावे.

गॅसचा वास आला किंवा फुसफुस ऐकू आली, तर व्हॅक्यूम सुरू ठेवून गॅस ओढून घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण तो गॅस तापलेल्या यंत्रातून जाऊन बाहेर पडतो. सुरक्षितपणे जमत असेल तरच इंजिन बंद करावे, सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला दूर जावे, रस्ता अडवावा आणि लांब गेल्यावरच गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. फुटलेला पाइप दाबून धरण्याचा किंवा मातीने बुजवण्याचा उद्योग करू नये.

खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर निराळे नियम लागू होतात. भारतीय मानक ३७६४ नुसार दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा लागतो, आणि पाण्याने भिजलेली काळी माती त्याआधीही कोसळू शकते. टाकी रिकामी करताना गाडी सपाट जागेवर उभी करावी, मागचे दार उघडण्यापूर्वी आतील दाब मोकळा झाल्याचे पाहावे, दारामागे कोणी उभे राहू नये आणि उचललेल्या टाकीखाली आधाराची दांडी लावल्याशिवाय कोणी जाऊ नये. आतला चिखल खरवडण्यासाठी टाकीत उतरणे म्हणजे बंदिस्त जागेत जाणे होय, त्यामुळे हवेची तपासणी आणि बाहेर थांबणारा माणूस नसेल तर बाहेरूनच धुवावे. खड्डा बुजवताना वाहिनीभोवती बारीक वाळू भरावी, इशारापट्टी पूर्वीच्याच जागी अंथरावी आणि प्रत्यक्ष मोजलेली खोली फोटोसह संबंधित कंपनीला कळवावी.